लिनक्समधून जुना इंटरफेस काढला की त्याची नोंद कशी लिहितात?

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. कॅमेरा, यूएसबी, टचस्क्रीन अशा हार्डवेअरपर्यंत पोहोचायला कर्नल सॉफ्टवेअरला काही ठरलेले मार्ग देतो. त्यांना इंटरफेस म्हणतात. पण असा एखादा मार्गच बंद झाला तर?

चार कप्पे कोणते?

कर्नलच्या सोर्स कोडसोबतच इंटरफेसच्या नोंदी ठेवलेल्या असतात. त्यांचे चार कप्पे आहेत: स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट आणि रिमूव्हड. स्टेबलमधला इंटरफेस किमान २ वर्षं चालेल, अशी हमी असते. ऑब्सोलीट म्हणजे अजून चालू आहे, पण पुढे जाणार आहे. रिमूव्हड म्हणजे गेला.

नोंदीत काय असतं?

इंटरफेसचं नाव, तारीख, कर्नलची आवृत्ती, संपर्क, वर्णन आणि तो कोण वापरतं, एवढे रकाने असतात. चांगल्या नोंदीत तो का काढला आणि आता काय वापरायचं, हेही सांगितलेलं असतं.

उदाहरण बघू. डेव्हएफएस ही डिव्हाइस फाइल्स तयार करणारी जुनी व्यवस्था. ती काढायची नियोजित तारीख होती जुलै २००५. प्रत्यक्षात ती गेली २.६.१८ या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २००६ मध्ये. नोंदीत नियोजित तारीखही आहे आणि ती अखेर कोणत्या आवृत्तीत गेली, हेही आहे. कारणं स्पष्ट दिली आहेत: अनेक वर्षं देखभाल नाही आणि दुरुस्त न होणारे दोष. पर्याय आहे यूडेव्ह.

दुसरं उदाहरण फायरवायरचं. व्हिडिओ कॅमेरे जोडायला ही केबल वापरली जायची. तिचा रॉ१३९४ हा इंटरफेस २.६.३७ मध्ये निघाला. नोंदीचं वर्णन भूतकाळात आहे: हा इंटरफेस अमुक काम करत ‘होता’. नवा पर्याय दिलाय. शिवाय, लिबरॉ१३९४ ही लायब्ररी नव्या इंटरफेसवरही चालते, असंही लिहिलंय. म्हणजे त्या लायब्ररीवर आधारलेले प्रोग्रॅम नव्याने लिहायची गरज नाही.

शब्दांना इतकं महत्त्व का?

‘जाणार आहे’ वाचलं तर डेव्हलपरला तयारीला वेळ मिळतो. ‘गेला’ वाचलं तर आजच पर्याय शोधावा लागतो. आणि नुसतं ‘काढला’ एवढंच लिहिलं, तर अपडेटनंतर बंद पडलेला कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.