ऑनलाइन घरी शिकणाऱ्यांची दहावी-बारावी : आठवीतच ठरवायच्या गोष्टी

कारंजा लाड परिसरात काम करताना आम्हाला पालक विचारतात, मुलगी मोबाइलवर घरीच शिकते, तर शाळेत नाव कशाला? उत्तर सरळ आहे. ऑनलाइन वर्ग शिकवतो, पण दहावीचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त मंडळच देते. त्यामुळे परीक्षा कोणत्या मंडळाची द्यायची, हे आठवीतच ठरवावे.

पहिला मार्ग राज्य मंडळाचा, म्हणजे 17 नंबरचा फॉर्म. वाशिम जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. अर्ज ऑनलाइन भरून कागदपत्रे ठरवून दिलेल्या शाळेत द्यायची असतात आणि मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. बारावीसाठी दहावीनंतर दोन वर्षांचे अंतर हवे.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, अर्थात एनआयओएस. 1989 पासूनची ही केंद्र सरकारची संस्था. दहावीला किमान वय 14, बारावीला 15. पाच विषय, त्यात एक भाषा हवीच. नोंदणी पाच वर्षे टिकते, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि एकूण नऊ संधी मिळतात. पालकांबरोबर कामासाठी स्थलांतर करणाऱ्या मुलांना हे जास्त सोयीचे, असे आमचे मत आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे. विज्ञान घेतल्यास प्रात्यक्षिके मोबाइलवर होत नाहीत, केंद्रावर जावेच लागते. केंद्र महाराष्ट्रातलेच निवडावे, कारण वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी राज्यातून झालेली असणे महत्त्वाचे ठरते. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीट देता येते, हे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही स्पष्ट झाले.

मुंबईच्या मालविका जोशीला 2016 मध्ये दहावी-बारावीविना अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, हे उदाहरण तरुण देतात. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची पदके होती. तरीही बारावी नसल्याने आयआयटीचे दार तिला बंदच होते.

आपल्या समाजासाठी खरा धोका वेगळाच आहे. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा या दोन्हींसाठी जातीचे प्रमाणपत्र लागते, आणि प्रवेशाच्या वेळी जात वैधताही मागतात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. पण मूळ जात सिद्ध करायला शाळेच्या नोंदीच कामी येतात. मुलाचे नाव शाळेत कधी लागलेच नाही, तर त्याच्या बाजूने हा पुरावा राहत नाही. दाखल्यात नुसते ‘बौद्ध’ असेल, तर वडिलांचा, आजोबांचा जुना दाखला आताच शोधावा. नाव काढताना दाखला हातात घ्यावा. नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, हे तिथेच तपासावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर चुकीचे नाव छापून आले, की ते दुरुस्त करायला महिनोन्‌महिने चकरा माराव्या लागतात.

फी भरण्याआधी कार्यकर्त्यांनी पालकांना दोन प्रश्न विचारायला सांगावे. प्रमाणपत्रावर कोणत्या मंडळाचे नाव असेल? ते मंडळ मान्यताप्राप्त आहे का? परदेशी मंडळ असेल, तर भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षता प्रमाणपत्र मिळते का, हेही पाहावे. उत्तर लेखी मागावे.