नाणेघाटांतून न्यूयॉर्कला

गेल्या चैत्रांत एके सायंकाळीं ओतूरच्या कांदाबाजारांतून परततांना आमचे एक वयोवृद्ध शेजारी, ज्यांस सारा गांव आबा म्हणतो, आमच्या ओसरीवर येऊन टेकले. त्यांची कन्या न्यू जर्सींत असते. जुलैंत ती बाळंत व्हावयाची होती, व त्यापूर्वीं आईबापांनीं तेथें पोंचावें अशी तिची इच्छा होती. आबांनीं खिशांतून घडी घातलेला कागद काढला. त्यावर डेल्टा, युनायटेड व अमेरिकन अशीं तीन नांवें व प्रत्येकापुढें रुपयांचा एक आंकडा होता. "सर, यांतली चांगली कोणती तेवढें सांगा. हिचे गुडघे धड नाहींत आणि मला इंग्रजी धड नाहीं." आम्ही इतिहास शिकविणारे, आम्हांस कोणताही प्रश्न त्याच्या उगमापर्यंत नेल्याखेरीज चैन पडत नाहीं, ही खोड आबांस ठाऊक आहे. त्यांनीं आठ दिवसांची मुदत दिली. त्या आठ दिवसांत जें वाचलें आणि पूर्वीं वाचलेलें जें आठवलें, तें येथें मांडीत आहों.

ओतूरपासून जुन्नर जवळ, आणि जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट. देशावरचा माल कल्याण-सोपाऱ्याकडे उतरविणारी ही वाट सातवाहनांनीं राखली. घाटमाथ्याच्या लेण्यांत त्या कुळाचा ब्राह्मी लेख आहे, आणि जवळच तो दगडी रांजण, ज्यांत वाटसरू जकात टाकीत असें लोक सांगतात. जुन्नरच्या लेण्यांस दान देणाऱ्यांत स्वतःस यवन म्हणविणारेही आहेत. तेव्हां समुद्रापलीकडच्या माणसांची ये-जा या खोऱ्यास नवी नव्हे. त्याच सुमाराच्या एका अनामिक ग्रीक दर्यावर्द्याचें 'पेरिप्लस' नांवाचें टिपण प्रसिद्ध आहे. त्यांत कल्याणविषयीं दोन-चार ओळीच आहेत. परंतु आबांच्या प्रश्नाचें मर्म आम्हांस त्यांतच सांपडलें. तो लिहितो त्याचा आशय असा कीं, कल्याण पूर्वीं रीतसर खुलें बंदर होतें; पुढें सत्ता पालटली, व्यापारास अडथळे आले, आणि एखादें ग्रीक गलबत चुकून तेथें लागलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचला नेलें जाऊं लागलें. क्षत्रप व सातवाहन यांच्या वैराचा हा परिणाम असावा असें विद्वान मानतात. आणि क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरासच मानमोडीच्या डोंगरांत असल्यामुळें, हें वैर आमच्या शिवेपर्यंत आलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या गलबताच्या धन्यानें निघतांना आपलें बंदर आपणच निवडलें होतें.

मराठी माणसांच्या अमेरिकाप्रवासाचा आरंभही उन्हाळ्यांतलाच. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून बोटींत बसल्या आणि इंग्लंडवरून जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांच्या त्या मुलीपुढें कंपनी कोणती हा प्रश्न नव्हता, सोबत कोणाची हा होता. मिशनरी स्त्रियांची सोबत मिळाली तोच मुहूर्त. तीन वर्षांनीं त्यांच्या पदवीदानास पंडिता रमाबाई इंग्लंडांतून गेल्या.

विमानांचें युग आलें तेव्हां हा प्रश्न पुन्हां पेरिप्लसाच्या वळणावर गेला. १९४५ च्या जुलैंत, जपानशीं युद्ध चालूं असतांनाच, वॉशिंग्टनमधील सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डानें अटलांटिकापलीकडचें आकाश आपल्या कंपन्यांत वांटून दिलें. उत्तरेकडून इस्तंबूल-कराचीवरून कलकत्त्यास जाणारी वाट पॅन अमेरिकनला मिळाली. दक्षिणेकडून रोम-कैरोवरून मुंबईस येणारी टी.डब्ल्यू.ए.ला. हिंदुस्थान सरकारशीं करार झाला तो १९४६ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे वांटणीनंतर. पुढच्याच सालीं टी.डब्ल्यू.ए.चीं विमानें मुंबईस येऊं लागलीं, व पॅन अमेरिकननें आपली पृथ्वीप्रदक्षिणेची सेवा कलकत्ता-कराचीवरून सुरू केली. तेव्हां त्या सालीं अमेरिकन कंपनीनें जाऊं इच्छिणाऱ्या मुंबईकरास टी.डब्ल्यू.ए. आवडो वा न आवडो, त्याची आवड वॉशिंग्टनला आधींच ठरून गेली होती.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलची 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो-जिनिव्हावरून लंडनला निघाली. तें विमान लॉकहीड कंपनीचें कॉन्स्टेलेशन, टी.डब्ल्यू.ए.ची ख्यातिही त्याच जातीच्या विमानांवर. यंत्र तेंच, आणि भाडेंही बहुधा तेंच, कारण १९४५ सालीं हवाना येथें स्थापन झालेली विमानकंपन्यांची जागतिक संघटना सर्वांचे दर संगनमतानें ठरवी व सरकारें त्यांवर शिक्का मारीत. मग स्पर्धा करावयाची कशांत? ताटांत. १९५८ सालीं अटलांटिकावर स्वस्त वर्ग सुरू झाला तेव्हां त्यांत फक्त साधें थंडें सँडविच द्यावें असें ठरलें होतें. कांहीं युरोपीय कंपन्यांनीं पावाच्या एका फोडीवर मांस, मासे व भाज्या यांचा असा डोंगर रचला कीं पॅन अमेरिकन व टी.डब्ल्यू.ए. यांनीं संघटनेकडे फिर्याद नेली, सँडविच म्हणजे काय याची रीतसर चौकशी झाली, आणि स्कँडिनेव्हियन कंपनीस वीस हजार डॉलर दंड बसला! आमच्याकडे पंक्तींत वाढप्यानें एक जिलबी अधिक वाढली म्हणून यजमानास दंड झाल्याचें ऐकिवांत नाहीं. एअर इंडियाच्या झुपकेदार मिशांच्या महाराजाचा जन्मही (१९४६) याच काळांतला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या मुजऱ्याचा अर्थ उलगडतो.

हिंदुस्थान सरकारही स्वस्थ बसलें नव्हतें. अमेरिकन कंपन्या आपल्या देशाच्या गरजेपेक्षां अधिक विमानें आणून वाटेंतले उतारू पळवितात, अशी तक्रार करून त्यानें १९५४ सालीं करार मोडण्याची नोटीस दिली. नवा करार १९५६ त झाला. १९५३ सालीं राष्ट्रीय झालेली एअर इंडिया मे १९६० मध्यें बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कला पोंचली. परंतु येथल्या प्रवाशास खरी अडचण विमानाची नव्हतीच, परकीय चलनाची होती. रिझर्व्ह बँकेच्या 'पी फॉर्म'वर मंजुरी मिळाल्याशिवाय तिकीट निघत नसे, आणि बरोबर नेण्यास मिळत ते आठ डॉलर. त्या पिढीचे मराठी विद्यार्थी आज ऐंशीच्या घरांत आहेत; ते त्या आठ डॉलरांविषयीं तासभर बोलतात, विमान कोणत्या कंपनीचें होतें तें मात्र पुष्कळांस आठवत नाहीं.

हीं बंधनें सुटलीं, तीं अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें, आणि आपल्यासाठीं १४ एप्रिल २००५ च्या खुल्या आकाशाच्या करारानें. तोंवर जुने गडी गळाले होते. पॅन अमेरिकनचें विमान ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून जाऊन कराचीस अपहरणकर्त्यांच्या हातीं पडलें. प्रवाशांस वांचवितांना मुंबईची नीरजा भनोत तेथें मारली गेली. १९९१ त ती कंपनी मिटली व तिचे अटलांटिकावरचे बहुतेक मार्ग डेल्टाकडे गेले. टी.डब्ल्यू.ए. २००१ त अमेरिकन एअरलाइन्समध्यें विरघळली. नव्या खुलेपणांत कॉन्टिनेंटलनें २००७ सालीं नेवार्क-मुंबई विनाथांबा विमान घातलें. २०१० च्या विलीनीकरणानें तें युनायटेडचें झालें.

आतां तरी प्रवासी मोकळा झाला, असें आम्हांस वाटलें होतें. २०१८ सालीं अमेरिका व अमिराती यांत आखाती कंपन्यांच्या सरकारी मदतीवरून समजूत झाली. लागलीच डेल्टानें मुंबईस परतण्याचें जाहीर केलें. डिसेंबर २०१९ त विमान आलें, मार्च २०२० त महामारीनें बंद पडलें. २०२२ त युक्रेनचें युद्ध पेटलें, रशियाचें आकाश अमेरिकन विमानांस मिटलें, आणि युनायटेडनें मार्चमध्यें नेवार्क-मुंबई सेवा थांबविली. एअर इंडियास रशिया मोकळा होता. परंतु एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें भारतीय विमानांस आपलें आकाश मिटलें, व दिल्लीहून अमेरिकेस जाणारीं तिचीं कांहीं विमानें इंधनासाठीं व्हिएन्नास उतरूं लागलीं. कल्याणच्या गलबतास भडोच दाखविणारे अजून आहेत. फक्त पहारा आकाशांत गेला आहे.

मुदत संपली तेव्हां आबांचा कागद आम्हीं पुन्हां नीट पाहिला. तिन्ही तिकिटांवर मुंबईहून उडणारें विमान त्या त्या कंपनीचें नव्हतेंच. डेल्टाच्या नांवावर पॅरिसपर्यंत एअर फ्रान्स, युनायटेडच्या नांवावर फ्रँकफुर्टपर्यंत लुफ्तान्सा, अमेरिकनच्या नांवावर लंडनपर्यंत ब्रिटिश एअरवेज. हीं गोत्रें १९९७ ते २००० या अवधींत जमलेलीं आहेत. पाटी एकाची, गाडी दुसऱ्याची. याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं युरोपांतील एका विमानतळावर आमचें पुढचें विमान चुकलें. ज्यांनीं तिकीट विकलें ते म्हणाले, ज्यांनीं आणलें त्यांस विचारा. ज्यांनीं आणलें ते म्हणाले, ज्यांनीं विकलें त्यांस विचारा. ती रात्र आम्ही उभयतांनीं बांकावर काढली.

म्हणून आबांस आम्हीं कंपनीचें नांव सांगितलें नाहीं. प्रवास एका तिकिटावर असावा, दोन विमानांत तीन तास तरी असावेत, काकूंसाठीं चाकांची खुर्ची तिकीट काढतांनाच मागावी, आणि अमेरिकेंत जेथें प्रथम उतराल तेथेंच सामान हातीं घेऊन जकातींतून काढावें लागतें म्हणून शेवटचा टप्पा शक्यतों थेट नेवार्कचा वा न्यूयॉर्कचा असावा, एवढें कागदाच्या पाठीवर मराठींत लिहून दिलें. एअर इंडियाचें मुंबईहून थेट जाणारें तिकीट महाग पडलें तरी त्याचाही विचार करावा, असें सुचविलें. गुडघ्यांना बदल नको असतो.

पुढें कळलें कीं तिकिटें जांवयानें तिकडूनच काढलीं. त्याच्या बँकेच्या कार्डावर कांहीं गुण साठले होते, ते ज्या कंपनींत चालत तिची. आबांनीं तें आम्हांस जूनच्या पहिल्या आठवड्यांत सांगितलें. ते आले होते निराळेंच विचारावयास: गाडी माळशेज घाटानें कल्याणवरून न्यावी, कीं नारायणगांव-चाकणवरून? सकाळपासून पाऊस लागला होता व घाटांत दरड आल्याची बातमी होती. आम्हीं नारायणगांव सांगितलें.