१०९ दारांचं घर

मॉरिशसला जाणारे आपले लोक बहुतेक समुद्र बघून परततात. मी मोका गावातलं 'युरेका' बघायला गेले. १८३०च्या सुमाराचं लाकडी घर, उसाच्या पैशाच्या काळातलं. भोवती व्हरांडा आणि दारं तब्बल १०९, वारा आरपार खेळावा म्हणून! १८५६ मध्ये ल क्लेझिओ कुटुंबाने ते लिलावात घेतलं. नोबेलविजेता लेखक जे. एम. जी. ल क्लेझिओ याच घराण्यातला.

दिवाणखाना सुंदर आहे, फोटो काढून झाले. मी जास्त वेळ थांबले ती मागे, दगडी स्वयंपाकघरात. आग लागू नये आणि धूर-उष्मा मालकांपर्यंत पोचू नये म्हणून ते घरापासून सुटं बांधलेलं. म्हणजे जेवण रोज अंगण ओलांडून जायचं, पावसातही. पण चूल कोण फुंकायचं?

घर उभं राहिलं तेव्हा बेटावर गुलामगिरी होती. १ फेब्रुवारी १८३५ला ती कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने सुमारे २० लाख पौंड नुकसानभरपाई दिली, मालकांना! गुलामांच्या वाट्याला आली 'उमेदवारी', म्हणजे १८३९पर्यंत त्याच मालकाकडे सक्तीचं काम. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ला, 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. पुढे तर एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांचे पैसे कापायचे. अशी जवळपास पाच लाख माणसं आली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले रत्नागिरीकडचेही होते. त्यांची पणतवंडं आजही गणपतीत 'झाकरी' नाचतात. आपली जाखडीच ती.

या मजुरांची नावं मोकामध्येच आहेत, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात. नंबर, जहाज, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. पुढच्या काळात फोटोसुद्धा. हे सगळं प्रेमाने लिहिलेलं नाही, पळाला तर ओळखता यावा म्हणून लिहिलेलं. आज त्याच नोंदींवरून वंशज आपलं गाव शोधतात. गुलामांच्या वंशजांना तेवढंही नाही. त्यांच्या पूर्वजांपुढे बहुतेकदा नुसतं 'मोझांबिक' किंवा 'मादागास्कर'.

अर्थात गाव लिहिलं कारकुनाने, कानाला आलं तसं. त्यामुळे कोकणातलं गाव शोधायचं तर आधी ती स्पेलिंग पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून बघावी लागते.