मोराची चिंचोली

मोराची चिंचोली : पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील, मोरांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. पुण्यापासून सुमारे ५५ किमी. चिंचोली नावाची गावे महाराष्ट्रात पैशाला पासरी. हिची ओळख मोरांनी वेगळी ठेवली. इथल्या चिंचा पेशवाईत लावल्या आणि त्यांच्यामागून मोर आले, असे सांगतात. जिल्ह्याचा हा पूर्व भाग कमी पावसाचा, माळरानाचा. मोराला तो मानवतो.

मोर इथे पिंजऱ्यात नाही. रात्री उंच झाडावर बसतो, फटफटताच बांधावर उतरतो, अंगणात टाकलेले दाणे टिपतो आणि शेतातले कोवळे कोंबही सोडत नाही. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. शेतकरी फार तर हुसकावतो.

चिंचोलीत मोर पाहण्याचा मोसम लांबलचक, साधारण जून ते सप्टेंबर; पण मोर दिसायचे ते सकाळी लवकर आणि उन्हे कलताना. भर दुपारी गाडी लावून ‘मोर कुठायत?’ विचारणाऱ्याला बहुधा चिंचाच पाहाव्या लागतात. पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. शेपटीच्या मुळावरची ती लांब वाढलेली पिसे. खरी शेपूट मागे, आखूड, तपकिरी, पिसाऱ्याला टेका देणारी. म्हणून नाचणारा मोर पाठीमागूनही पाहावा. तो अंग थरथरवतो तेव्हा वाळल्या पानांसारखी सळसळ होते. लांडोर पुष्कळदा तिकडे न बघता दाणे टिपत असते. पावसाळा सरता पिसे गळतात आणि दिवाळीत आलेल्यांना भुंडे मोर दिसतात. मोराच्या ओरडण्याला केका म्हणतात. जिल्ह्यातल्याच बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपल्या काव्याला ‘केकावली’ हे नाव त्यावरूनच दिले.

गावात कृषी पर्यटन केंद्रे आहेत : बैलगाडी, चुलीवरचे पिठले-भाकरी, थंडीत हुरडा. जवळ पाबळला मस्तानीची कबर, कान्हूरला मेसाई देवी. अष्टविनायकांतला रांजणगावचा महागणपती याच तालुक्यात. त्याचा गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधला. सहलीच्या गाड्या आधी रांजणगावचे दर्शन उरकून चिंचोलीला येतात. क्रम उलटा हवा; गणपती दुपारीही भेटतो.