सदोष नाणीं आणि ब्रह्मपुरीची साक्ष

जुन्या नाण्यांच्या संग्रहांत सदोष नाण्यास स्थान द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न संग्राहकांत वारंवार निघतो. कित्येकांच्या मतें संग्रह म्हणजे प्रत्येक प्रकाराचा एक शुद्ध व सुबक नमुना. बाकीचें मोडींत घालण्याजोगें. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं, आणि त्याचें कारण खुद्द कोल्हापुरांतच आहे.

पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर शिशाचीं जीं प्राचीन नाणीं मिळालीं, त्यांच्या एका बाजूस चैत्य व दुसऱ्या बाजूस धनुष्यबाण असून वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र सिवलकुर व गौतमीपुत्र विळिवायकुर या तीन राजांचीं नांवें प्राकृतांत आढळतात. त्यांतील कांहीं दिसावयास अगदीं ओंगळ. एका ठशाखालून दुसऱ्याचीं अक्षरें डोकावतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं नेमकीं तींच निरखिलीं. वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर सिवलकुराचा व सिवलकुराच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा ठसा मारलेला दिसला, आणि तिघांचा क्रम ठरला. अशा पुनर्मुद्रित नाण्यास सदोष म्हणणेंच अयुक्त. नाशिक जिल्ह्यांत १९०६ सालीं जोगळटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांवर नहपानी नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारला होता. तें विजयपत्रच होय.

शिवराईविषयीं मात्र अधिक विवेक पाहिजे. या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशीं अक्षरें असतात. त्यांत 'सिव', 'सीव', 'पती' असे भेद दिसले कीं संस्कृताभ्यासी मनुष्याचा हात शुद्धिपत्राकडे वळतो. परंतु त्या काळच्या मराठी लेखनांत ऱ्हस्वदीर्घाचा किंवा श-साचा एवढा कटाक्ष नव्हता. हे पाठभेद आहेत, अशुद्धें नव्हेत; ठसे ओळखण्याचें तेंच साधन. ठशावर अक्षर उलटें कोरावें लागतें; खोदणाऱ्यानें तें सुलट कोरलें तर नाण्यावर उलटें उमटतें. हा दोष त्या ठशाच्या यच्चयावत् नाण्यांचा. पोथ्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर मूळ प्रतींतील चूक सर्व नकलांत उतरते व त्यांचें गोत्र सांगते, तसेंच हें. अशा नाण्यास मुख्य मालिकेंतच जागा हवी.

उलट, घण मारतांना ठसा हलून उमटलेलें दुहेरी अक्षर हा एकट्या नाण्याचा अपघात, पोथीवर सांडलेल्या शाईच्या डागासारखा. तें नाणें वजनासह नोंदून निराळ्या कप्प्यांत ठेवावें. हल्लीं व्यापारी या डागाचीच जास्त किंमत सांगतात! ही यंत्रावर पाडलेल्या नाण्यांची संवय. १८३५ नंतरच्या कंपनीच्या एकसारख्या रुपयांत चूक विरळा, म्हणून तिचें अप्रूप. हातानें पाडलेल्या शिवराईचा ठसा बहुधा चकतीहून मोठा. तेव्हां अक्षरें तुटणें हा तेथें जवळजवळ नियमच. तेवढ्यासाठीं ती तांबटाकडे देऊं नये. एकाच ठशाच्या दोन शिवराया, एकीवर डावी बाजू उमटलेली व दुसरीवर उजवी, शेजारीं मांडल्या म्हणजे अखंड शिवराईवरहि न मिळणारा पुरा ठसा वाचतां येतो.