विंचवाचे मंत्र, सुश्रुताचा कीटकल्प आणि बिरवाडीचीं निरीक्षणें

जुन्या दप्तरांतून राजकारणाचे कागद निवडून घेतल्यावर जी रद्दी म्हणून बाजूस सारली जाते, तींत विंचू उतरविण्याच्या मंत्रांचीं पानें बहुधा असावयाचींच. भीमा व नीरा ह्यांमधील इंदापूर-बारामतीकडच्या बाडांत आम्हीं अशीं पानें पुष्कळ पाहिलीं. इंदापूर म्हटलें कीं मालोजी राजे भोसले तेथें रणांत पडले एवढें आमच्या संशोधकबंधूंस आठवतें, आणि तें योग्यच आहे. परंतु तलवारीखेरीज माणसें आणखी कशानें मरत, ह्याचें साधनही ह्याच रद्दींत आहे.

ह्या पानांची भाषा पाहावी. विंचू ‘चढतो’ आणि ‘उतरतो’. चढणें म्हणजे दंशाची वेदना वर जाणें. सुश्रुतानेंही कल्पस्थानाच्या आठव्या अध्यायांत, कीटकल्पांत, हातापायांस दंश झाला असतां वेदना वर जाते असें म्हटलें आहे. मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग करून त्यानें अनुक्रमें १२, ३ व १५ मिळून विंचवांच्या ३० जाती सांगितल्या. मंदविष विंचू कुजक्या शेणांतून उपजतात, हें त्याचें म्हणणें आज कोणी मानणार नाहीं, तें असो. आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीनें. दंशानंतर येणारा घाम त्यानें मंदविषाच्या लक्षणांत घातला आहे. नाथांच्या विंचवाच्या भारुडांत मात्र, तें रूपक असलें तरी, दंश झालेल्याच्या अंगास घाम सुटतो तो संकटाची खूण म्हणूनच. भारुडकारानें गांवांतील दंश डोळ्यांनीं पाहिला असावा, असें आम्हांस वाटतें.

ह्या घामाचा खरा अर्थ लागला तो कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड, जिल्ह्यांत. महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत १९७६ च्या सुमारास डॉ. हिम्मतराव बावस्कर हे वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. विंचवावर इलाज नाहीं अशी तेथील लोकांची समजूत होती. बावस्करांनीं दंश झालेल्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब व लक्षणें टिपून ठेवलीं. हीं निरीक्षणें १९८२ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांत शिश्नस्तंभ, हीं पुढील अनर्थाचीं पूर्वचिन्हें होत, हा त्यांचा निष्कर्ष. लोकांत काळ्या थोराड इंगळीचें भय मोठें; परंतु प्राण घेतो तो लहान तांबडा विंचू. त्याच्या विषानें शरीरांतील उत्तेजक द्रव्यें एकाएकीं सुटतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य ताण पडतो व फुफ्फुसांत पाणी भरतें.

त्यावर त्यांनीं प्रथम नसेंतून देण्याचें एक औषध योजिलें. पण त्यास अखंड देखरेख लागते, ती खेड्यांत कोठून मिळणार? पुढें रक्तदाबावरील प्राझोसिन ही तोंडानें घेण्याची गोळी त्यांनीं वापरली, आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांच्यासह १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत तिचा अनुभव मांडला. पूर्वीं गंभीर रुग्णांत शेंकडा ३० ते ४० दगावत, तें प्रमाण शेंकडा १ च्या आसपास आलें, असें ते सांगतात.

आतां मंत्रांच्या पानांकडे वळूं. बावस्करांच्या निरीक्षणाप्रमाणें गंभीर रुग्णास दंशाच्या जागीं वेदना फार नसते. औषधानें हातपाय ऊन होऊं लागले म्हणजे ती परत येते, आणि तें बरें होण्याचें लक्षण होय. बहुतेक दंशांत वेदना आपोआप शमते व यश मांत्रिकाच्या पदरीं पडतें. परंतु ज्या मुलाचे हातपाय गार पडले आहेत, त्याची वेदना नाहींशी पाहून ‘विंचू उतरला’ म्हणणारा मांत्रिक नेमका उलट निवाडा देत होता. किती घरांत असें झालें असेल, हें कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचें नाहीं.

औषध स्वस्त होतें, उणीव होती ती लक्षण ओळखणाऱ्या डॉक्टराची. म्हणून बावस्करांनीं इतर डॉक्टरांना शिकविण्याचें काम चालविलें, आणि तुर्कस्तानांतील वैद्यांनींही हा उपाय योजिला. प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिल्यानें काय लाभ होतो, ह्याचा त्यांचा प्रयोग २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें आला, २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत सुश्रुत हेंच सांगतो: शास्त्र पुष्कळ वाचलेला शिष्यही योग्या, म्हणजे प्रत्यक्ष सराव, केल्याविना कामाचा नव्हे, बंध बांधण्याचा अभ्यास तो पुस्तमय पुरुषावर, म्हणजे बाहुल्यावर, करवितो. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर डॉक्टर नेमले गेले. पुणें-सोलापूर हमरस्त्यावरच्या आणि तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरच्या इंदापुरास ह्याचें मोल निराळें सांगावयास नको.

ज्यांच्या संग्रहीं विंचवाचीं पानें आहेत त्यांनीं तीं टाकूं नयेत. प्रयोगासाठीं मात्र मुळींच काढूं नयेत. सूचींत केवळ ‘मंत्र, किरकोळ’ असें न लिहितां, घाम, थंडी, ओकारी ह्यांपैकीं कशाचा उल्लेख आहे तें, आणि मिती असल्यास ती, टिपून मंडळाकडे पाठवावी. भारुडांतला घाम आणखी कोणाच्या लेखणींत उतरला आहे काय, हें त्यावरून पाहतां येईल.