गुडघा वाकवला की पायाची नाडी गायब!

चालताना पोटरीत गोळा येतो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: बिडी ओढता का? शुगर आहे का? प्रश्न बरोबरच आहे, बहुतेकांचं दुखणं तिथेच सापडतं. पण चाळिशीतला, तंबाखूला कधी न शिवलेला माणूस दोनशे पावलांवर पोटरी धरून थांबतो, दोन मिनिटांत बरा होऊन पुन्हा चालू लागतो, त्याचं काय? अशा मोजक्या लोकांत एक दुर्मिळ आजार निघतो, सिस्टिक अॅडव्हेंटिशियल डिसीज. नाव अवघड, प्रकार साधा. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरच्या थरात जेलीसारखा द्रव साठतो, गाठ फुगते आणि रक्ताची वाट दाबली जाते.

याचा इतिहास फार जुना नाही. १९४७ साली अॅटकिन्स आणि की या इंग्रज डॉक्टरांनी पहिला रुग्ण नोंदवला. गाठ होती ओटीपोटातून मांडीकडे जाणाऱ्या धमनीवर, आणि त्यांनी तिला चक्क ट्यूमर म्हटलं! १९५४ मध्ये स्वीडनमध्ये एयरूप आणि हिएर्टोन यांना हीच भानगड गुडघ्याच्या लवणीत, म्हणजे मागच्या खोलगट भागातल्या धमनीत सापडली. आजही बहुतांश रुग्ण तिथलेच, आणि त्यात पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त.

मग साठच्या दशकात जपानचे इशिकावा आले. त्यांनी दाखवलेली खूण मला या सगळ्यात सर्वांत आवडते. पाय सरळ असताना पावलावरची नाडी लागते, गुडघा पूर्ण वाकवला की गायब होते. मशीन नको, बोटं पुरेत. पण रांगेतल्या साठाव्या पेशंटचा बूट काढून पावलावर बोट ठेवायला सवड कुणाला आहे? मग तो माणूस महिनोन्‌महिने कंबरेच्या नसेचं औषध खात बसतो.

कारणावर डॉक्टर अजून भांडतात. गुडघ्याला सारखे हिसके बसून होतं, असं काही म्हणाले. पण मग कबड्डीपटू आणि हमाल यांचीच रांग लागायला हवी होती, आणि लहान मुलांना हा आजार का व्हावा? दुसरे म्हणतात, गर्भात सांध्याच्या पेशी चुकून धमनीच्या भिंतीत अडकतात आणि पुढे तिथेच द्रव सोडत राहतात. तिसरं मत असं की सांध्यातलं वंगणच बारीक फांदीवाटे धमनीच्या भिंतीत झिरपतं. एमआरआयमध्ये काही रुग्णांत ही वाट स्पष्ट दिसते, म्हणून मला हे मत जास्त पटतं.

हे भांडण फक्त पुस्तकी नाही, कारण उपचार त्यावरच ठरतो. सुईने द्रव ओढला तर सोपं वाटतं, पण तो घट्ट असतो आणि गाठ बऱ्याचदा पुन्हा भरते. फुगा किंवा स्टेंट तर इथे सहसा टिकतच नाही. दाब बाहेरून आहे, आतून रुंद करून किती दिवस पुरणार? त्यात ती जागा दिवसातून शंभरदा वाकणारी. म्हणून शस्त्रक्रियाच करतात. धमनी चालू असेल तर गाठ उघडून साफ करायची, पूर्ण बंद असेल तर तेवढा तुकडा काढून पायातलीच शीर जोडायची. सांध्याकडे जाणारी वाट दिसली तर तीही बांधून टाकायची, नाहीतर गाठ परत येऊ शकते.

तेव्हा घरात धूम्रपान न करणाऱ्या कुणाची पोटरी अशी धरत असेल आणि कुणी थेट स्टेंट सुचवला, तर आधी एक विचारा: "डॉक्टर, गुडघा वाकवून नाडी बघितली का?"